अठरा दिवसांची भिंत

कुंडीच्या बुडाशी मी कागदाची एक पट्टी चिकटवते. तिच्यावर दोन तारखा लिहायच्या. एक झाड ऑफिसात गेलं त्या दिवसाची, दुसरी ते परत आलं त्या दिवसाची. आमच्या घरात या येण्याजाण्याला सासर-माहेर म्हणतात. ऑफिस हे सासर. वर ट्यूबलाइट, खाली गालिचा, दिवसभर गारठा, आणि येणाराजाणारा पान चिमटीत धरून विचारणार, "खरं आहे का हो हे?" माहेर म्हणजे आमची रोपवाटिका, शहराच्या कडेला, शेडनेटखाली. दमून आलेलं झाड तिथे दीड-दोन महिने नुसतं बसतं. त्याला कुणी छाटत नाही, पुसत नाही, त्याचं कौतुक करत नाही. मग एक दिवस पोटातून कोवळी गुंडाळी वर काढतं, म्हणजे समजायचं, बाई सावरली.

सासूबाई काम करता करता दोन ओळी जुळवायच्या. त्यांची ती सवय मला लागली आणि त्यांच्या लेकीला, म्हणजे माझ्या नणंदेलाही. आम्ही दोघी एकमेकींना टोमणेसुद्धा ओळींतूनच मारतो. बोलून मारला तर लागतो, जुळवून मारला की हसू येतं.

सोमवार, बुधवार, शुक्रवार मी चौथ्या मजल्यावर असते. ते ऑफिस कुणा एकाचं नाही. तिथे टेबलं भाड्यानं मिळतात. कुणी एक खुर्ची घेतो, कुणी चार. एका टेबलावर नकाशे, शेजारच्यावर विम्याचे कागद, त्यापलीकडे एक गृहस्थ दिवसभर कानाला यंत्र लावून परदेशातल्या गिऱ्हाइकाला "हो साहेब, हो साहेब" करतात. सगळ्यांचं मिळून एकच कॉफीचं यंत्र आणि एकच मॅनेजर. मॅनेजरला आम्ही मागून ताजेसाहेब म्हणतो. कारण त्यांचं एक पालुपद आहे, "कसं ताजं वाटलं पाहिजे!" भिंतीचा रंग ताजा, चहाचे कप ताजे. एकदा तर पायपुसणं बघून म्हणाले, हे ताजं वाटत नाही.

पुढचा हॉल मोठ्या खिडक्यांचा. तिथली रबराची झाडं, अरेका पाम, स्नेक प्लँट पाच-सहा महिने माहेराचं नाव काढत नाहीत. मागची खोली मात्र तिन्हीकडून काचेची आणि चौथीकडे भिंत. खिडकी नाही. त्या भिंतीवर माझी हिरवी भिंत होती. लोखंडी सांगाडा, सहा ओळी, एका ओळीत आठ कुंड्या. नेचे, सिंगोनियम, मनी प्लँट, मध्येच पीस लिलीची पांढरी मान. ऑफिसच्या जाहिरातीत तिचाच फोटो. जागा बघायला आलेली माणसं पुढचा हॉल बघून "बरं आहे" म्हणायची आणि मागच्या खोलीत आली की थबकायची. "अरे वा!" असं म्हणून तिथेच कागदावर सही.

"तुमची भिंत माणसं आणते," ताजेसाहेब मला सांगायचे. मग जरा आवाज उतरवून, "पण ती टिकत का नाहीत हो? दोन महिने झाले की निघाली. पुढच्या हॉलमधली बसलीयेत तीन-तीन वर्षं."

मला त्याचं काय ठाऊक? मी झाडंवाली. माझी झाडंच त्या खोलीत टिकत नव्हती. अठरा दिवस. एकोणिसाव्या दिवशी कडा तपकिरी, विसाव्या दिवशी पान गळालंच. मी उजेडावर खापर फोडलं होतं. दोन दिवे जास्तीचे लावून घेतले, तरी अठराच. मग मी एक नेम धरला. दर दुसऱ्या शुक्रवारी संध्याकाळी, लोक गेले की, अख्खी भिंत उतरवायची आणि अठ्ठेचाळीस ताज्या कुंड्या चढवायच्या. सोमवारी येणाऱ्याला भिंत जशीच्या तशी. दोन वर्षांत त्या भिंतीवरचं एक पिवळं पान कुणाच्या नजरेला पडू दिलं नाही मी. पाठ मोडून जायची. तरी टेम्पोत बसताना वाटायचं, काम असावं तर असं.

त्या खोलीत कोपऱ्यातलं टेबल वन्संचं. माझ्याच ओळखीनं मिळालेलं, तेही कमी भाड्यात.

वन्सं विणकामाचे आलेख काढतात. चौकटीच्या मोठ्या कागदावर एक चौकट म्हणजे एक धागा. चादरीच्या काठावर मोर नाचतो, तो आधी वन्संच्या पेन्सिलीखाली चौकटीचौकटीनं उभा राहतो. गिरणीत सगळं संगणकावर गेलं, तरी तिथल्या मास्तरांना हातचा आलेख लागतो. यांचा हात पडला की काठ चालतो, असं ते म्हणतात. सव्वीस वर्षं झाली. नवरा गेला, मुलगा लांब नोकरीला, दोन खोल्यांत एकट्या. वरच्या मजल्यावर नाचाचा क्लास निघाला आणि पेन्सिल हलायला लागली, म्हणून मी त्यांना इथे आणलं. भिंतीजवळ, शांत, हिरवं बघत बसाल म्हटलं. पहिल्या दिवशी टेबलावर बसून त्यांनी लगेच ओळी टाकल्या होत्या:

भावजय माझी गं, झाडांची करी हौस
नणंदेला म्हणे, कोपऱ्यात बैस

आठ महिने झाले त्याला. अलीकडे ओळी बंद होत्या.

त्या सोमवारी मी झारी घेऊन गेले तेव्हा वन्सं दोन्ही हातांनी कपाळ धरून बसल्या होत्या. खोलीतले बाकीचे तिघे आपापल्या पडद्याला चिकटलेले. भाषांतर करणारी बाई तोंडावर हात न घेता जांभई देत होती. तिची संपली की दोघा वकील भावांपैकी धाकट्याची. पुढच्या हॉलवाले या खोलीला जांभईखाना म्हणायचे. आत यायचं तर उशी घेऊन या, असली थट्टा.

"चहा आणू का?" मी विचारलं.

"तिसरा झाला." वन्संनी टेबलाखालून एक गुंडाळी काढली. गिरणीतून परत आलेला चादरीचा तुकडा. काठाला पोपटांची रांग. "बघ. नीट बघ."

मी बघितलं. सुरेख होता.

"सातव्याला चोच नाही."

खरंच नव्हती. सातवा पोपट, मग चौदावा, मग एकविसावा. चार चौकटी भरायच्या राहिल्या होत्या, आणि मागानं तेवढ्याच प्रामाणिकपणे बिनचोचीचे पोपट शेकड्यांनी विणले होते.

"मास्तर काही बोलले का?"

"बोलले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, ताई, तब्येत सांभाळा." वन्सं हसल्या, पण नुसत्या ओठांनी. "सव्वीस वर्षांत त्यांनी मला तब्येत विचारली नव्हती गं. पुढच्या वर्षाची नक्षीची वही करणार का, हे पुढच्या आठवड्यातल्या शनिवारपर्यंत कळवा म्हणालेत. सरळ नको म्हणत नाहीत, एवढंच. मीच लिहून टाकते, आता जमणार नाही."

"डोळे दाखवा ना एकदा."

"दाखवले. डोळे चांगले आहेत. डोकंच रिकामं होतं. जेवणानंतर तर चौकटी मोजता मोजता आकडा कुठे गेला तेच कळत नाही. एक्कावन्न वय म्हणजे काही फार नाही, पण संपलंच असेल माझं तर संपलं. कुणाचं लवकर संपतं." त्यांनी भिंतीकडे मान केली. "ही तुझी झाडं बघते रोज. आठ महिन्यांत एक पान सुकलं नाही त्यांचं. त्यांच्याजवळ बसून मीच वाळत चाललेय."

मी झारी उचलली आणि दुसऱ्या ओळीला पाणी घालायला लागले. 

त्याच आठवड्यात ऑफिसच्या पाण्याच्या नळ्या फुटल्या. गुरुवार ते रविवार मजला बंद. चार दिवस पाणी नाही म्हणून मी भिंतीवरच्या अठ्ठेचाळीसही कुंड्या वेळेआधी घरी आणल्या, आणि ह्यांनी टेम्पोत कुंड्यांबरोबर आपल्या बहिणीलाही बसवलं.

"दादा, मला कशाला? काम आहे माझं," वन्सं म्हणत होत्या.

"काम घे बरोबर. तिथे काय वाघ आहेत?" हे म्हणाले. त्यांचं एका दिवसाचं बोलणं तेवढ्यात संपलं.

मला तेव्हा आठवलं, या बाईचं माहेर म्हणजे माझंच घर. झाडांची ने-आण मी तारखा लावून केली. यांना 'राहायला या' म्हणून शेवटचं कधी म्हटलं होतं, त्याची पट्टी कुठे चिकटवली नव्हती.

वन्सं कुंड्या भरायच्या लाकडी टेबलावर बसल्या. एका बाजूला कोकोपीटचं पोतं, दुसऱ्या बाजूला भिंतीवरून उतरलेली दमलेली झाडं. वर शेडनेटची हिरवी सावली. पहिला दिवस त्या झोपल्याच, टेबलावर डोकं टाकून. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणानंतर मी मुद्दाम बघत होते. पेन्सिल चालत होती. त्या तोंडातल्या तोंडात आकडे पुटपुटत होत्या आणि एकदाही मागे वळून मोजत नव्हत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी कमळाचा अख्खा काठ पुरा केला. मीही तपासला, त्यांनीही. एक चौकट चुकली नव्हती.

"बघ बाई, विश्रांती मिळाली की होतं," त्या म्हणाल्या. मग कानशिलावर बोट ठेवून, "इथली दोरी सैल झालीय." आणि कितीतरी महिन्यांनी त्यांनी ओळी टाकल्या:

माहेरच्या सावलीला, कोण विचारी वेळ
कपाळाचा माझ्या, सुटला गं पीळ

त्याच दिवशी, दीड महिन्यापूर्वी भिंतीवरून उतरलेल्या, त्यांच्या कोपराजवळच्या एका नेच्यानं पहिली गुंडाळी वर काढली होती.

सोमवारी मजला उघडला. त्याच कुंड्या पुन्हा भिंतीवर चढल्या, माणसं परत आली. साडेबारापर्यंत भाषांतरवाल्या बाईची पहिली जांभई, आणि दीड वाजता वन्संचे हात कपाळाला. मी दारात झारी घेऊन उभी राहिले आणि मला एकदम माझाच राग आला. आत गेल्यावर चार तासांत माणूस कोमेजतो. बाहेर काढलं की तीन दिवसांत सावरतो. हे तर मी रोज करते. रोज बघते. फक्त कुंड्यांचं.

बुधवारी मी भिंतीवरच्या कुंड्या पाणी घालायला म्हणून उचलल्या आणि पानं उलटी करून बघितली. उजेडावाचून झाड झुरलं तर ते उजेडाकडे मान काढतं, लांबतं, फिकं पडतं. ही झाडं फिकी नव्हती, भाजल्यासारखी होती. आणि सगळी पाठीकडून. मधल्या दोन ओळींची सर्वांत वाईट गत. मी मधली एक कुंडी काढून त्या पोकळीत हात घातला.

गारेगार वारा. बोटं बधिर व्हावीत असा.

आणि मग मला आठवलं. दोन वर्षांपूर्वी इथे नुसती भिंत होती आणि भिंतीत हवेची एक मोठी पत्र्याची जाळी. ताजेसाहेब म्हणाले होते, "ही जाळी डोळ्यात खुपते हो. काहीतरी हिरवं घाला पुढे." मीच मापं घेतली होती. सांगाडा जाळीच्या अगदी मधोमध बसवला, आणि कुंड्या इतक्या दाट लावल्या की मागचं काही दिसू नये. मागचं काही दिसत नाही, म्हणून मला शाबासकी मिळाली होती.

एसीची देखभाल करणारा डक्टवाला त्या दिवशी छतात चढलेला होता. शिडीखाली उभी राहून मी त्याला विचारलं.

"ती जाळी?" तो वरूनच म्हणाला. "बाहेरची ताजी हवा गार होऊन त्या खोलीत तेवढ्या एका वाटेनं येते, मावशी. आता ती येते, तुमच्या कुंड्यांच्या पाठीवर आपटते आणि वरच्या फटीतून पुन्हा छतात जाते. माणसांच्या वाट्याला काही नाही."

"पण खोली गार असते की!"

"गार करायला कोपऱ्यात छोटा एसी लावला ना नंतर. तो आतलीच शिळी हवा घुसळतो. काल सोडलेला श्वास आज गार करून प्यायचा." स्वतःच्याच बोलण्यावर तो खूश झाला. "मी लिहून दिलं होतं तेव्हा. कागद असेल कुठेतरी."

ताजेसाहेब नेमके त्या दिवशी आनंदानं उडत होते. एक मोठी कंपनी तीस टेबलं एकदम घेणार होती, शुक्रवारी सकाळी माणसं पाहायला येणार होती. मी म्हटलं, "साहेब, भिंत काढावी लागेल. निदान मधल्या ओळी."

"कोणती भिंत?"

"आपली. तिच्यामागे हवेची वाट आहे. खोलीतल्यांची डोकी त्यामुळेच दुखतात. म्हणूनच माणसं टिकत नाहीत."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू त्यांच्याच घराचं दार मी त्यांना विकायला काढलं. "मावशी, ते लोक फोटो बघून येतायत. फोटोत काय आहे? भिंत. आणि आपण त्यांना पत्र्याची जाळी दाखवायची?" मग समजुतीच्या सुरात, "झाडं हवा शुद्ध करतात. आपल्या माहितीपत्रकात लिहिलंय."

"अठ्ठेचाळीस कुंड्यांनी चार माणसांचा श्वास निभत नाही हो. त्यांना स्वतःलाच निभत नाही. माझ्याकडे तारखा आहेत."

"शुक्रवार होऊ द्या. मग बघू. आणि हो, शुक्रवारी भिंत एकदम..."

"ताजी," मी म्हटलं.

"हां."

गुरुवारी मी वन्संच्या घरी गेले. त्या पत्र लिहून बसल्या होत्या. आखीव कागदावर, त्यांच्या चौकटीतल्या अक्षरात. 'यापुढे वहीचे काम माझ्याकडून होणे नाही.' वर धबधब नाच चालला होता.

मी सगळं सांगितलं. जाळी मीच झाकली, तेही. ऐकून त्यांनी पेनला टोपण लावलं.

"वहिनी," मग त्या म्हणाल्या, "तुझं मन चांगलं आहे. पण माझी समजूत घालायला असलं काही रचू नकोस. हवा म्हणे! सव्वीस वर्षं काम केलं, कुठे कुठे बसून केलं. कधी हवेनं चोच खाल्ली नाही."

"आमच्याकडे चार दिवसांत कमळं निघाली ती?"

"ती विश्रांतीनं. खंगलेल्या म्हाताऱ्याला पण एखादा दिवस बरं वाटतं." त्यांनी पत्राची घडी घातली. "उद्या संध्याकाळी टाकते टपालात. तू नको लावून घेऊस."

तोंडानं सांगून पटायचं नाही, एवढं मला घरी जाताना कळलं. पान उलटं करून दाखवायला लागतं.

शुक्रवारी सकाळी सातला मी चौथ्या मजल्यावर होते. ह्यांना खाली टेम्पोत थांबवलं. टेम्पोत अठ्ठेचाळीस ताज्या कुंड्या होत्या, त्या तशाच राहू दिल्या. मी वरच्या उतरवायला लागले. एका हातात दोन. गालिच्यावर कागद अंथरून रांग लावली, दारापासून कॉफीच्या यंत्रापर्यंत. थोडी माती सांडली, एक नख तुटलं. मनात मोजत होते, बावीस, तेवीस, चोवीस. माझ्या वयाला दुसऱ्या बायका पेन्शनीचे हिशेब करतात. या भिंतीवरच माझा अर्धा महिना चालत होता, हे काही मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ते डोक्यात यायला लागलं की मी पुढची कुंडी उचलायची.

मधल्या ओळी निघाल्या आणि जाळी दिसली. तिच्यावर माझ्याच नेच्यांची वाळली पानं चिकटलेली, दोन वर्षांची धूळ. मी ओल्या फडक्यानं पुसून काढली. वारा सुटला. तोंडावर आला तेव्हा त्याला कसला वास नव्हता. तो वास नसणं मी त्या खोलीत पहिल्यांदा घेतलं.

साडेआठला वन्सं आल्या. टेबलावर चौकटीचा कागद पसरला, आणि तो उडून वकिलांच्या टेबलाखाली गेला.

"अगं बाई!" त्या कागदामागे धावल्या. "हे काय करून ठेवलंस?"

"बसा. कागदावर कुंड्या ठेवा आणि बसा."

"साहेब काय म्हणतील?"

"ते म्हणतीलच. तुम्ही बसा."

त्यांनी चार कोपऱ्यांवर चार लहान कुंड्या ठेवल्या आणि बसल्या. चादर अंगाभोवती घेतल्यासारखा पदर घेतला, आणि माझ्यावर रुसल्यासारखं तोंड करून पेन्सिल उचलली.

ताजेसाहेब साडेनऊला आले. रांगेतल्या कुंड्या बघितल्या, सांगाड्याची सहा उघडी हाडं बघितली, जाळी बघितली. ओरडतील वाटलं होतं. ते खुर्चीवर बसले आणि चष्मा काढून डोळे चोळत राहिले. तेव्हा माझ्या लक्षात आलं, हा माणूसही दमलेला आहे. दोन महिन्यांनी निघून जाणाऱ्या माणसांना दर वेळी नव्यानं 'या, या' म्हणून.

"मावशी, अर्ध्या तासात पुन्हा लागेल?"

"नाही लागणार."

कंपनीची माणसं दहाला आली. दोन तरुण आणि एक केस पिकलेल्या बाई. तरुणांनी फोटो काढायला फोन वर केले आणि तसेच खाली घेतले. "वेबसाइटवर इथे झाडं होती ना?"

ताजेसाहेबांनी तोंड उघडलं. मला वाटतं, डागडुजी चाललीय असं काहीतरी त्यांच्या जिभेवर होतं. पण त्या बाई जाळीपाशी गेल्या होत्या. त्यांनी पिशवीतून तिकिटाचा एक कागद काढला आणि जाळीपुढे धरला. कागद फडफडला. मग खोलीच्या मध्ये येऊन धरला. तिथेही हलला, जरासा.

"खिडकी उघडते का इथे?" त्यांनी विचारलं.

"खिडकी नाहीये," ताजेसाहेब म्हणाले.

"मग पाचापेक्षा जास्त माणसं बसवू नका." त्यांनी रांगेतल्या एका कुंडीकडे पाहिलं, वाकून पान उलटलं, आणि पुन्हा सरळ केलं. "कळवतो आम्ही."

ते गेल्यावर ताजेसाहेब बराच वेळ लिफ्टच्या दाराशी उभे होते. परत आल्यावर मला म्हणाले, "भिंत राहू दे मग. नको आता. पुढच्या हॉलचं तुमचं चालू ठेवा." वाईट बोलले नाहीत. चांगलंही नाही. सोमवार-बुधवार-शुक्रवारातला बुधवार तेवढ्यात गळून पडला.

दुपारी मी कुंड्या दोन-दोन करून लिफ्टनं खाली नेत होते. जेवण झालं. दीड वाजला, दोन वाजले. भाषांतरवाली बाई मान वर करून म्हणाली, "आज कुणी काही वेगळं खाल्लं का? मला झोपच नाही." धाकटा वकील म्हणाला, "मला तर थंडी वाजतेय." मोठा म्हणाला, "वाजू दे. जागा तरी आहेस."

वन्संची मान खालीच होती. त्या पोपटांवर होत्या. तेच पोपट पुन्हा काढायला घेतले होते त्यांनी. मी येता-जाता बघत होते, सहावा, सातवा. सातव्यावर त्या थांबल्या, चार चौकटी भरल्या, आणि पुढे गेल्या. चारला मी शेवटच्या कुंड्या घ्यायला आले तेव्हा विसावा चालू होता.

त्यांचा फोन वाजला. गिरणीचे मास्तर. उद्याची मुदत, पण त्यांनाच धीर नव्हता.

वन्संनी पेन्सिल कानामागे खोचली. मी हातातल्या कुंड्या खाली ठेवायच्या विसरले.

"हो मास्तर," त्या म्हणाल्या. "नाही, तब्येत बरी आहे." मग बराच वेळ पलीकडचं ऐकलं. माझ्याकडे बघितलं, जाळीकडे बघितलं. "पोपट परत पाठवते सोमवारी. ते आधी बघा. चोच मोजून बघा. आणि मग वहीचं मापबीप पाठवा."

फोन ठेवला. कागदाच्या कोपऱ्यावरची एक कुंडी खालून पाझरत होती. त्यांनी पर्समधून आखीव कागदाची घडी काढली, दोनदा अजून घातली, आणि कुंडीखाली सरकवली. निळी शाई हळूहळू पसरायला लागली.

"सारखी गळते गं ही," त्या म्हणाल्या. "बघून घे जरा."

"बघते."

"आणि तुझ्या त्या पट्ट्या आहेत का पिशवीत?"

मी चिकटपट्टीचं बंडल काढून दिलं. वन्संनी एक तुकडा फाडला, आजची तारीख लिहिली, आणि वाकून आपल्या खुर्चीच्या बुडाशी चिकटवला. मग पेन माझ्यापुढे धरलं.

"एकच लिहिलीय मी. दुसरी तू लिही."

गुडघे दुखत होते. तरी मी त्या खुर्चीखाली डोकं घातलं, आणि सहा आठवड्यांनंतरचा रविवार लिहिला.